छपरावरचे सहा हत्ती

बर्फ म्हणजे नुसता कापूस, असं वाटतं ना? मग वही घ्या. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद छप्पर. वर एक मीटर बर्फ. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला साधारण १०० किलो भरतो. म्हणजे झाले १० टन! आता तो काही दिवस तिथंच राहू द्या. बर्फ दबतो, आतली हवा निघून जाते, वरून नवा पडतो. पुन्हा थर मीटरभराचाच, पण वजन आता ३० टन. पाच टनांचा एक हत्ती धरला, तर घराच्या डोक्यावर सहा हत्ती!

जपानच्या निइगाता, आओमोरी भागात हे हत्ती दर हिवाळ्यात येतात. सैबेरियाचा गार वारा समुद्रावरून बाष्प उचलतो आणि डोंगरांना धडकतो. आपल्या सह्याद्रीवर पाऊस कोसळतो ना, तसा तिथं बर्फ. आओमोरीतल्या सुकायु इथं फेब्रुवारी २०१३ मध्ये ५६६ सेंटिमीटरचा थर मोजला गेला.

मग लोक फावडी घेऊन छपरावर चढतात. या कामाला म्हणतात ‘युकिओरोशी’. युकी म्हणजे बर्फ, ओरोशी म्हणजे खाली उतरवणं. बर्फ ढकलायचं एक मोठं सुपडंही असतं. त्याचं नाव ‘ममासान डंप’, म्हणजे आईलासुद्धा सहज जमेल असं! (आयांना हे नाव आवडलं का, कुणास ठाऊक.)

पण काम जोखमीचं. दरवर्षी माणसं पडतात, त्यात म्हातारी माणसं जास्त. म्हणून हेल्मेट हवं, कमरेला पक्का बांधलेला दोर हवा आणि एकट्यानं चढायचं नाही. एकच बाजू रिकामी करायची नाही, नाहीतर भार एकीकडे कलतो. आणि गंमत म्हणजे छप्पर अगदी लख्ख करायचं नाही! पातळ थर ठेवायचा. उघड्या पत्र्यावर पाय सर्रकन घसरतो. ऊन पडलं की वळचणीखाली तर मुळीच थांबायचं नाही. आपल्याकडे तिथून पागोळ्या गळतात, तिकडे अख्खा ढीग धप्पकन येतो.

शिराकावा गावातल्या जुन्या घरांची छपरं म्हणूनच नमस्काराला जोडलेल्या हातांसारखी उभट आहेत. बराचसा बर्फ आपोआप घसरतो.

भुसभुशीत बर्फात किती हवा असते, हे घरीही पाहता येईल. फ्रीझरमध्ये तसा बर्फ साचला असेल, तर आईबाबांना विचारून पेलाभर काढा. न दाबता भरा, वितळू द्या आणि पाणी किती बोटं उरलं ते आम्हाला कळवा.