लाल टोपण, निळं टोपण

सकाळी सहा. डिसेंबरात आदिलाबादचा पारा एक आकड्यावर येतो. आधी आरओ प्लांट सुरू करून पाण्यातलं क्लोरीन तपासायचं. एका पेशंटच्या चार तासांच्या डायलिसिसला साधारण १२० लिटर पाणी लागतं.

साडेसहा. बेला, जैनद, तलमडगूकडची माणसं आत येतात. फॉर्म तेलुगूत, बोलणं मराठीत, कुणाचं गोंडीत. वजनकाट्यावर एका काकांचं वजन तीन किलो वाढलेलं. "पानी नाही पेलो सिस्टर, चहाच पेलो."

सात. हाताला फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शिरेचा जोड, असलेल्यांना टेक्निशियन सुया लावतो. मानेत नळी असलेले माझ्याकडे. पंखा बंद, मास्क मला आणि पेशंटलाही. जुनं ड्रेसिंग काढून लाली, पू, सुटलेला टाका बघायचा. क्लोरहेक्झिडीनने पुसायचं आणि वाळू द्यायचं. घाईत नेमकं हे वाळू देणंच राहून जातं. नळीचं आतलं टोक हृदयाच्या दाराशी असतं, त्यामुळे बाहेरच्या दोन्ही फाट्यांचे क्लॅम्प बंद असल्याशिवाय लाल काय नि निळं काय, एकही टोपण उघडायचं नाही. श्वासासरशी हवा आत जाऊ शकते. मग रक्त गोठू नये म्हणून नळीत भरून ठेवलेलं जुनं हेपॅरिन ओढून टाकायचं. ते आत ढकललं तर रक्तस्राव वाढतो, गुठळी असली तर तीही आत जाते.

आठ ते अकरा. दर अर्ध्या तासाला बीपी. थंडीत ब्लँकेट सगळेच मागतात, आणि फसायला होतं ते इथेच. मशीन सुरू झाल्यावर नळीवाला कुडकुडू लागला की मी आधी थर्मामीटर लावते, ब्लँकेट मागाहून. ताप निघाला की डॉक्टरांना हाक, आणि अँटिबायोटिकच्या आधी रक्त कल्चरला.

सव्वाअकरा. सलाईनने नळी धुऊन प्रत्येक फाट्यावर छापलेल्या मापाइतकंच हेपॅरिन भरायचं, नवी टोपणं लावायची. आता खरी हुज्जत.

"काऊन व सिस्टर, डोक्शावरून पानी घेतलं तं काय होते?"

"ड्रेसिंग भिजलं की जंतू थेट रक्तात जातात, मावशी. मानेखालूनच आंघोळ करा."

कापूस वेचायला जाऊ नका, हे मी सांगते. कुणी ऐकत नाही. वेचणीच्या दिवसांत मजुरी कोण सोडणार? म्हणून आता निदान एवढं सांगते : पदर नळीवरून ओढू नका, घामाने पट्टी सुटली तर तसेच इकडे या, गावच्या डॉक्टरला नळीतून सलाईन लावू देऊ नका.

दुपारी दोन. पुढच्या सिस्टरकडे चार्ज. तीन नंबरच्या दादांची नळी मांडीतली, त्यांना फार वाकून बसू द्यायचं नाही. आजीबाईंच्या डाव्या हाताला फिस्टुला करायचा ठरलाय; तो सुईजोगा व्हायला काही आठवडे जातील. त्या हातावर बीपी नाही, सुई नाही, असं चार्टवर लाल शाईने लिहिलंय. त्या हातात घट्ट बांगड्या नकोत, हे त्यांच्या नातवालाही सांगितलंय, कारण घरी बांगड्या तोच चढवून देतो.