पिलांसाठी आईला लस

डुकराच्या पिलाला सारख्या शिंका येऊ लागल्या, डोळ्यांतून पाणी ओघळून गालावर काळपट डाग पडले आणि पुढे त्याचे नाकाड आखूड वा वाकडे झाले, तर ते साधे पडसे नव्हे. जर्मनीत १८३० सालीच या रोगाचे वर्णन झाले होते. बोर्डेटेला नावाचा जंतू नाकातील अस्तर दुखावतो, आणि त्या वाटेने शिरलेल्या पास्तुरेला जंतूचे विष नाकातील नाजूक, गुंडाळीसारखी हाडे झिजवून टाकते. धूळ अडवणारी ही चाळण गेली की पुढे फुप्फुसांचीही पंचाईत होते.

श्रोतेहो, हा रोग पिलू अगदी कोवळे असतानाच जडतो. पिलालाच लस टोचावी, तर तिचा गुण येईतो वेळ निघून गेलेली असते. म्हणून लस टोचतात ती गाभण डुकरिणीला.

पण आईची लस पिलाला पोचते कशी? माणसाच्या मुलाला आईकडील प्रतिद्रव्ये गर्भातच मिळतात. डुकरिणीच्या वारेतून मात्र ती पलीकडे जात नाहीत. तिचे पिलू जवळजवळ निःशस्त्रच जन्मते. त्याची सारी शस्त्रे आईच्या चिकात असतात. डुकरीण सुमारे ११४ दिवसांनी विते. जुने लोक तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस असा हिशेब ठेवतात. पहिलटकरणीला काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा लस देतात. दुसरी मात्रा विण्यापूर्वी दोन-तीन आठवडे पडावी, म्हणजे चीक तयार होताना रक्तात प्रतिद्रव्ये भरपूर असतात.

खरी कसोटी यापुढेच आहे. पिलाचे आतडे ही प्रतिद्रव्ये जशीच्या तशी शोषते ते फक्त पहिल्या दिवशी. त्यातही पहिले सहा तास मोलाचे. मागाहून जन्मलेले, थंडीने कुडकुडणारे पिलू धटिंगण भावंडांच्या रेट्यात आचळापर्यंत पोचतच नाही. त्याच्यापुरती ती लस वायाच गेली. म्हणून त्या रात्री जागावे, पिले कोरडी करून उबेत ठेवावी, आणि पोटभर प्यालेल्यांना तासभर टोपलीत घालून अशक्तांना आचळाशी लावावे.

गोव्यातील अनेक ख्रिस्ती घरांच्या परसात एखादी डुकरीण पाळलेली असते. तेथे एवढी जागरणाची तयारी अवघड नाही. एक गैरसमज मात्र टाळावा : डुक्करज्वराची लस या रोगावर चालत नाही. शिंका कशाच्या हे पशुवैद्याकडून आधी ठरवून घ्यावे, आणि गोठ्यातला मुताचा उग्र दर्प डोळ्यांना झोंबत असेल तर प्रथम खराटा हाती घ्यावा.