मीठ नाही, पाणी आहे

धारावी पुनर्विकासात अपात्र ठरणाऱ्यांसाठी भाड्याची घरं बांधायला राज्य मंत्रिमंडळाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी २५५.९ एकर मिठागरांच्या जमिनीला मंजुरी दिली. त्यात कांजूरचं आर्थर मिठागर १२०.५ एकर, कांजूर-भांडुपचं जेंकिन्स ७६.९ आणि मुलुंडचं जमास्प ५८.५ एकर.

प्रकल्पवाले म्हणतात, पूर्व द्रुतगती महामार्गाने खाडीचं पाणी केव्हाच तोडलं, आता तिथे मीठ पिकत नाही. नसेल. पण आगर सखल ते सखलच. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला, की नाल्यांचं पाणी समुद्रात उतरत नाही; ते अशाच उघड्या जमिनीवर पसरून थांबतं. भराव टाकला की ते शेजारच्या चाळीत शिरणार, हे सांगायला अभियंता कशाला हवा?

महामार्गापलीकडे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ. कांदळवनांभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश आहे (२०१८). मिठागर त्यात आपोआप येत नाही.

कांजूरच्याच १०२ एकरांवर मेट्रोची कारशेड येणार होती. १६ डिसेंबर २०२० रोजी उच्च न्यायालयाने काम थांबवलं, पण जमीन केंद्राची की राज्याची या वादात, पाणथळीसाठी नव्हे.