केस गळाले, पण मुळं शाबूत आहेत ना?

शेगाव तालुक्यात जानेवारी २०२५ मध्ये बोंडगाव, कालवडसारख्या गावांत अवघ्या काही दिवसांत अनेकांना टक्कल पडलं. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं.

अशा गळतीत मुळं जिवंत राहिली तर केस पुन्हा उगवतात. केस प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रियेची गरज नसते. आनुवंशिक टकलात मात्र डीएचटी या संप्रेरकामुळे कपाळावरची, टाळूवरची मुळं आकसत जातात. डोक्याच्या मागची मुळं त्याला सहसा दाद देत नाहीत. प्रत्यारोपणात तीच काढून पुढे रोवतात. म्हणजे केसांची संख्या वाढत नाही, फक्त त्यांची जागा बदलते.

म्हणून आधी त्वचारोगतज्ज्ञांकडून कारण जाणून घ्या, मगच प्रत्यारोपणाचा विचार करा.