धुक्यातील विमान : उतरणे आणि चालणे

दाट धुक्यात विमान उतरविणे अवघड, हे सर्वमान्य आहे. एकदा ते उतरले म्हणजे संकट टळले, हा समज मात्र तपासून पाहण्यासारखा आहे.

उतरण्याचा प्रश्न पुष्कळ अंशी सुटला आहे. धावपट्टीच्या दूरच्या टोकाशी असलेला प्रक्षेपक मध्यरेषेच्या दोहों बाजूंस रेडिओलहरींचे दोन झोत सोडतो. एकावर सेकंदास ९० कंपनांचा व दुसऱ्यावर १५० कंपनांचा स्वर चढविलेला असतो. विमानातील ग्राहकयंत्रात हे दोन्ही स्वर समबल भरले, की विमान मध्यरेषेवर आहे असे समजावे. उताराचा कोन, बहुधा ३ अंशांचा, दुसरा प्रक्षेपक याच तत्त्वाने दाखवितो. या पद्धतीच्या पहिल्या श्रेणीत वैमानिकाला २०० फुटांपर्यंत खाली येता येते. तेथे धावपट्टी वा तिचे दिवे दिसले नाहीत तर त्याने पुन्हा वर चढावे, असा दंडक आहे. पुढे १० जून १९६५ रोजी पॅरिसहून आलेले ट्रायडेंट जातीचे प्रवासी विमान लंडनला स्वयंचलित यंत्रणेने धावपट्टीवर टेकले.

जमिनीवर मात्र असा झोत नाही. तेथे दिवे, पाट्या आणि मुख्यतः शब्द. हे शब्द किती अपुरे पडू शकतात हे मिलानच्या लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१ रोजी दिसून आले. दृश्यता सुमारे २०० मीटर होती. जुने भू-रडार १९९९ मध्ये बंद केलेले, नवे अद्याप कार्यान्वित झालेले नव्हते. एका लहान सेसना विमानास 'आर-५' मार्गाने जाण्यास सांगितले असता ते 'आर-६' मार्गास लागले. वाटेत वैमानिकाने जमिनीवर रंगविलेली 'एस-४' ही खूण कळविली. पण ती नियंत्रकांच्या नकाशात नव्हतीच! उच्चार झाला, श्रवणही झाले. संकेत तेवढा उभयपक्षी सामाईक नव्हता. भाषाव्यवहारात असा प्रसंग नित्याचा असून तो बहुधा पुन्हा विचारण्याने निभावतो. येथे विमानास पुढे जाण्याची अनुज्ञा मिळाली, ते धावपट्टीवर शिरले, आणि उड्डाण घेणारे एमडी-८७ विमान त्यावर आदळले. ११८ माणसे प्राणांस मुकली.

आता अनेक विमानतळांवर विमानातील ट्रान्सपॉन्डरचे उत्तर निरनिराळ्या ठिकाणच्या ग्राहकयंत्रांवर टिपून, ते पोहोचण्याच्या वेळांतील सूक्ष्म अंतरावरून विमानाचे स्थान काढतात. वैमानिक स्वतःस कोठे समजतो, याच्याशी या गणिताला कर्तव्य नाही. अट एवढीच, की जमिनीवर चालतानाही ट्रान्सपॉन्डर चालू ठेवला पाहिजे.