हॉलीहॉकला नुसती पानंच का येतात? बी घेताना पाकिटावर 'हे' नक्की बघा

पाकिटावर फुलांनी लगडलेला पाच-सहा फुटी दांडा, आणि तुमच्या कुंडीत नुसती पानं? चूक बहुधा तुमची नाही. हॉलीहॉक मुळात द्वैवार्षिक. पहिल्या वर्षी पानं, हिवाळा काढला की दुसऱ्या वर्षी फुलं. आपल्याकडे मध्ये कडक उन्हाळा आणि पावसाळा येतो, त्यात रोप तगणं अवघड. म्हणून पेरलेल्या वर्षीच फुलणारी, म्हणजे 'वार्षिक' जात मागून घ्या. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरली तर फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास फुलं दिसू लागतात.

जास्वंद आणि भेंडीच्या कुळातलं हे झाड. सोटमूळ खोल जातं, मोठं रोप हलवलं की रुसतं. त्यामुळे किमान फूटभर खोल कुंडीत थेट बी टाका, वर जेमतेम अर्धा-एक सेंटीमीटर माती. उगवायला साधारण दोन आठवडे. ऊन भरपूर हवं. सावलीच्या बाल्कनीत हा खटाटोप नकोच.

पानांमागे नारिंगी पुटकुळ्या दिसल्या तर तो तांबेरा. ती पानं लगेच तोडा, पण कंपोस्टमध्ये टाकू नका. पाणी पानांवर न शिंपडता मुळाशी घाला.

बोंडं वाळली की आतल्या चपट्या बिया पुढच्या वर्षासाठी ठेवता येतात. शेजारी दुसऱ्या रंगाचं हॉलीहॉक असेल तर मात्र मधमाश्यांच्या कृपेने गुलाबीऐवजी भलताच रंग उगवू शकतो.