बदनाम कार्ब्युरेटर

मुंबईतली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून हटली, पण खासगी पद्मिनी अजून हौसेने जपल्या जातात. कुर्ल्यात फियाटच्या परवान्यावर बनलेल्या या 1089 सीसीच्या गाडीबद्दल एक समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: उन्हात, ट्रॅफिकमध्ये बंद पडली म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये कचरा आला. मग रस्त्याच्या कडेलाच कार्ब्युरेटर उघडतो, जेट फुंकून होतात, अर्ध्या तासाने सेल्फ मारला की गाडी सुरू. श्रेय जेटला मिळतं. खरं तर त्या अर्ध्या तासात इंजिन निवलेलं असतं.

कचरा थंड इंजिनालाही तेवढाच नडतो. गरम झाल्यावरच बंद पडून निवल्यावर आपोआप सुरू होणाऱ्या गाडीत संशय आधी कंडेन्सर आणि कॉइलवर घ्यावा. आतलं इन्सुलेशन जुनं झालं की तापल्यावर करंट गळतो आणि ठिणगी पिवळी, मरतुकडी पडते. निवल्यावर दोघंही साळसूद. म्हणून तपासणी बंद पडल्या क्षणी, गरम असतानाच करायची. एअर क्लीनर काढा आणि इंजिन बंद ठेवून कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत कुणाला तरी अॅक्सिलरेटर दाबायला सांगा. पिचकारी उडाली तर फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल आहे. आता ठिणगी बघा. तोंड कोरडंच राहिलं तर पेट्रोल पोचत नाही, आणि मग एसी पंपाकडे, म्हणजे पेट्रोलच्या पंपाकडे वळा.

पद्मिनीची टाकी मागे, पंप पुढे तापलेल्या इंजिनाला चिकटलेला. एवढ्या लांबून तो पेट्रोल ओढून घेतो. ओढताना नळीतला दाब घटतो आणि कमी दाबाखाली गरम पेट्रोल लवकर उकळतं. वाफ झाली की पंप नुसताच हलतो. पंपावर ओला फडका टाकल्यावर गाडी चालू झाली तर निदान पक्कं झालं, पण पुष्कळ जण तोच उपचार समजून फडका कायमचा बॉनेटखाली ठेवतात! नळी एक्झॉस्टपासून दूर न्यायला हवी, थकलेला डायफ्रॅम बदलायला हवा.

याच उष्णतेच्या धास्तीने दुसरी शस्त्रक्रिया होते. ‘आपल्याकडच्या उन्हात थर्मोस्टॅट कशाला?’ म्हणून तो काढून फेकतात. थर्मोस्टॅट तापलेल्या पाण्याला वाट देतोच. तो अडवतो ते थंड इंजिनातलं पाणी. तो नसला की जवळच्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं आणि ऑइलमध्ये पाणी साचून चिखल होतो. गाडीचं पाणी उकळत असेल तर बहुधा रेडिएटरच क्षारांनी बुजलेला असतो. थर्मोस्टॅट काढून तो मोकळा होत नाही.

पेट्रोलबद्दलची भीती तर नेमकी उलटी आहे. शिसं गेल्यामुळे व्हॉल्व्ह सीट झिजतील, ही चिंता निराधार नाही, पण देशभर शिसेविरहित पेट्रोल 1 फेब्रुवारी 2000 पासून आहे. झीज हळूहळू होते आणि टॅपेटचा गॅप वारंवार कमी होऊ लागला की कळते. हेड उघडेल तेव्हा कठीण धातूच्या सीट बसवल्या की झालं. आज काळजी करायची ती इथेनॉलची. 20 टक्के इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्रॅम फुगवतं, मऊ करतं. शिवाय ते हवेतलं पाणी धरतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी कुणाचंच ‘चालतंय’ ऐकून घेत नाही. ‘गाडी उभीच होती, ब्रेक झिजतील कसे?’ हे ऐकायला बरं वाटतं. पण ब्रेक ऑइलही पाणी शोषतं आणि व्हील सिलिंडर आतून गंजून त्याला खड्डे पडतात. पातळी उतरली की वरून भरणं हाही उपाय नव्हे. लाइनिंग झिजलं की पातळी थोडी उतरते; त्याहून जास्त उतरली तर कुठेतरी गळतंय. ड्रमच्या आत गळलं तर जमिनीवर डाग दिसेलच असं नाही. गाडी ब्रेक लावताना एका बाजूला ओढते, तेवढीच खूण. अशा वेळी इंजिन ऑइल तर चुकूनही घालू नये: सिस्टीममधली सगळी रबरं फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंत किट नव्याने टाकावं लागतं.